दूरच्या मित्राची हमी आणि वेळेचा हिशेब

या वेळच्या टपालात एकाच विषयाभोवती फिरणारी बरीच पत्रे आली आहेत. एखाद्या प्रदेशात नवी सत्ता उदयाला आली की तिच्या शेजाऱ्यांनी सावध व्हावे हे समजण्यासारखे आहे. पण त्या प्रदेशापासून हजारो मैलांवर असलेल्या देशांनी आपली संरक्षण धोरणे का बदलावीत, असे वाचकांनी वेगवेगळ्या प्रकारे विचारले आहे. त्यांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : चीनचे सामर्थ्य वाढले तर जपान किंवा व्हिएतनाम यांना चिंता वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पोलंड, ऑस्ट्रेलिया किंवा आखाती देश यांची धोरणे त्यामुळे का हलावीत? त्यांच्या सीमेवर तर काहीच बदललेले नसते.

उत्तर : त्यांच्या सीमेवर काही बदललेले नसते हे खरे, बदललेली असते ती त्यांच्या हमीदाराची सवड. अमेरिकेसारखा हमी देणारा देश एकच असतो आणि हमी घेणारे अनेक असतात, आणि प्रत्येकाला दिलेली हमी त्याच मर्यादित साधनांवर उभी असते. अमेरिकेच्या नौदलाने किमान ११ विमानवाहू युद्धनौका बाळगाव्यात असे तिथला कायदाच सांगतो. पण त्यांतल्या काही दुरुस्तीत असतात, काही सरावात असतात, आणि दूरच्या समुद्रात प्रत्यक्ष तैनात असतो तो साधारण तिसरा हिस्सा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये इस्राएल आणि इराण यांच्यातला तणाव शिगेला पोहोचला, तेव्हा पॅसिफिक महासागरात असलेली ‘अब्राहम लिंकन’ ही विमानवाहू नौका तातडीने पश्चिम आशियाकडे वळवण्यात आली. इराणच्या सामर्थ्याशी जपानचे थेट भांडण नाही. तरीही त्या आठवड्यांत जपानच्या बाजूच्या समुद्रातली अमेरिकी उपस्थिती रोडावली. म्हणजे दूरच्या मित्रदेशाला प्रश्न पडतो तो असा, की माझ्यावर वेळ आली तर मदत येईल का, आणि येणार असेल तर कधी येईल?

या प्रश्नातून दोन भीती जन्म घेतात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढतात. एक भीती वाऱ्यावर सोडले जाण्याची, दुसरी भीती दुसऱ्याच्या भांडणात ओढले जाण्याची. पहिली कमी करायची तर हमीदाराला अधिक जवळ करावे लागते, तळ द्यावे लागतात, त्याच्या युद्धांत सैनिक पाठवावे लागतात. आणि तसे केले की दुसरी भीती वाढते. पुढच्या सगळ्या उत्तरांत हीच ओढाताण निरनिराळ्या रूपांत दिसेल.

प्रश्न : करारात ‘एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा हल्ला’ असे स्पष्ट लिहिलेले असताना ही चलबिचल कशासाठी? लेखी शब्दाला काही किंमत आहे की नाही?

उत्तर : किंमत आहे, पण शब्द नीट वाचले तर ते लोक समजतात तितके बांधून घेणारे नसतात. नाटो कराराचे पाचवे कलम प्रत्येक सदस्याला ‘त्याला आवश्यक वाटेल ती कृती’ करायला सांगते. त्या कृतीत सशस्त्र बळाचा वापर येऊ शकतो, पण तो यायलाच हवा असे कलम म्हणत नाही. सहावे कलम भूगोल ठरवते : युरोप, उत्तर अमेरिका आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेकडील उत्तर अटलांटिक प्रदेश. त्यामुळे १९८२ साली अर्जेंटिनाने फॉकलंड बेटे घेतली तेव्हा ब्रिटनला पाचव्या कलमाकडे बोट दाखवता आले नाही. इतकेच काय, अमेरिकेचे राज्य असलेले हवाईसुद्धा या कलमाच्या कक्षेबाहेर पडते.

मराठी वाचकांना जवळचे असलेले उदाहरण गोव्याचे आहे, आणि या विषयात त्याची आठवण फारशी काढली जात नाही याचे मला आश्चर्य वाटते. १९६१ साली पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य होता. शिवाय इंग्लंडशी त्याचा चौदाव्या शतकापासून चालत आलेला मैत्रीचा करार होता, आणि तो करार केवळ संग्रहालयात ठेवण्यापुरता नव्हता. १९४३ साली, ऐन महायुद्धात, त्याच कराराचा आधार घेऊन ब्रिटनने पोर्तुगालकडून अझोर्स बेटांवर तळ मिळवले होते. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्याच्या सीमेवर जमू लागल्यावर पोर्तुगालचे पंतप्रधान सालाझार यांच्या सरकारने त्याच कराराची आठवण करून देऊन गोव्याला कुमक पाठवण्यासाठी ब्रिटिश विमानतळ वापरू देण्याची विनंती केली. ब्रिटनने नकार दिला. राष्ट्रकुलातल्या भारताशी असलेले संबंध लंडनला लिस्बनच्या वसाहतीपेक्षा मोलाचे वाटत होते, आणि नाटोच्या कलमात गोवा बसतच नव्हता. सुरक्षा परिषदेत पाश्चात्त्य देशांनी ठराव आणला, तो सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरून रोखला. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला.

आपण ही घटना मुक्तीच्या बाजूने पाहतो, आणि तेच योग्य आहे. पण लिस्बनमध्ये त्यातून जो धडा घेतला गेला तो आपल्या विषयाशी संबंधित आहे. मित्र आपल्या हाकेला धावून येत नाहीत, तेव्हा मित्रांना ज्याची गरज आहे ते आपल्या मुठीत ठेवावे, असे सालाझार यांनी ठरवले. अझोर्समधला लाजेस हा विमानतळ अमेरिकेला अत्यंत आवश्यक होता आणि त्याच्या वापराची मुदत १९६२ अखेर संपत होती. अंगोला या पोर्तुगीज वसाहतीच्या प्रश्नावर वॉशिंग्टनचा टीकेचा सूर त्यानंतर मवाळ झाला, त्यामागे हा तळ होता. पुढे १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब-इस्राएल युद्धात अमेरिकेने इस्राएलला हवाई मार्गाने शस्त्रे पुरवली तेव्हा बहुतेक युरोपीय मित्रांनी आपले विमानतळ नाकारले, आणि पोर्तुगालने दबावाखाली लाजेस दिला. परिणामी अरब देशांनी तेलबंदीच्या यादीत पोर्तुगालचे नाव घातले. पश्चिम आशियातल्या प्रादेशिक वैराचा फटका अटलांटिकच्या काठावर असा बसला.

आता अलीकडचे उदाहरण घ्या. फिलिपाइन्स आणि अमेरिका यांच्यातला परस्पर संरक्षण करार १९५१ चा आहे. त्यात ‘पॅसिफिकमधील’ सैन्य, सरकारी जहाजे आणि विमाने यांच्यावरच्या सशस्त्र हल्ल्याचा उल्लेख आहे. दक्षिण चिनी समुद्र पॅसिफिकमध्ये मोडतो की नाही यावर अनेक वर्षे सोयीस्कर मौन होते. २०१९ च्या मार्चमध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री माइक पॉम्पिओ यांनी मनिलात तो मोडतो असे सांगितले, आणि मे २०२३ मध्ये दोन्ही देशांनी मान्य केलेल्या मार्गदर्शक सूत्रांत तटरक्षक दलाचाही समावेश झाला. तरीही गुंता सुटला नाही. सेकंड थॉमस शोल या प्रवाळखडकावर फिलिपाइन्सने १९९९ साली ‘सिएरा माद्रे’ हे जुने लढाऊ जहाज मुद्दाम रुतवून ठेवले आहे आणि त्या गंजत चाललेल्या जहाजावर मोजके नौसैनिक राहतात. १७ जून २०२४ रोजी त्यांना रसद घेऊन जाणाऱ्या बोटींना चिनी तटरक्षकांनी गाठले. त्यांच्या हातात सुरे आणि कुऱ्हाडी होत्या, बोटींची मोडतोड झाली आणि एका फिलिपिनो सैनिकाचा अंगठा तुटला. हा ‘सशस्त्र हल्ला’ आहे का? हा शब्द वापरला असता तर अमेरिकेला कराराची आठवण करून द्यावी लागली असती. मनिलाने तो वापरायचे टाळले. उगवत्या सत्तेने कराराच्या शब्दांच्या अगदी खालच्या पातळीवर दबाव ठेवायला शिकणे, हेच मला या काळातले सर्वांत चिंताजनक लक्षण वाटते, कारण त्याला उत्तर देण्याची तजवीज १९५१ च्या भाषेत नाही.

प्रश्न : ऑस्ट्रेलियाचा सर्वांत मोठा व्यापार चीनशी आहे, आणि दोन देशांत हजारो मैलांचा समुद्र आहे. मग अणुऊर्जेवर चालणाऱ्या पाणबुड्यांवर एवढा पैसा ओतण्याचे कारण काय? ही अमेरिकेची मर्जी राखण्याची धडपड तर नव्हे?

उत्तर : मर्जी राखण्याचा भाग त्यात आहे, परंतु तेवढ्याने उत्तर पुरे होत नाही, त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाची सुरक्षा एका गृहीतकावर उभी होती : जपानने हालचाल केली तर ब्रिटनचे मुख्य आरमार युरोपातून निघेल आणि सिंगापूरच्या तळावर पोहोचेल. तोवर सिंगापूरने तग धरायचा. आरमार पोहोचायला सुरुवातीला सुमारे सहा आठवडे लागतील असे धरले होते. युरोपात जर्मनी आणि भूमध्य समुद्रात इटली बळावत गेले तसा हा अंदाज लांबत गेला आणि महायुद्धाच्या तोंडावर तो सहा महिन्यांवर आला. तळ तोच होता आणि आश्वासनही तेच होते, पण ब्रिटनच्या दारातल्या वैरामुळे ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोचण्याची मुदत चौपट झाली होती. १० डिसेंबर १९४१ रोजी ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ या ब्रिटिश युद्धनौका जपानी विमानांनी बुडवल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस पंतप्रधान जॉन कर्टिन यांनी, ब्रिटनशी असलेल्या जुन्या नात्याचा मोह न धरता ऑस्ट्रेलिया आता अमेरिकेकडे पाहत आहे, असे जाहीरपणे लिहिले. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडले आणि चार दिवसांनी डार्विनवर बाँब पडले.

हा अनुभव त्या देशाच्या धोरणात आजही जिवंत आहे. १९५१ च्या अँझस करारानंतर (ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिका यांच्यातला संरक्षण करार) ऑस्ट्रेलियाने व्हिएतनाम, इराक आणि अफगाणिस्तान येथे सैन्य पाठवले. व्हिएतनाममध्ये त्याचे पाचशेहून अधिक सैनिक मेले. तिथले अभ्यासक याला विम्याचा हप्ता म्हणतात. गंमत नव्हे, विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, अँझसचा आधार आजवर एकदाच घेतला गेला, आणि तो २००१ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेवर हल्ला झाला तेव्हा. नाटोच्या पाचव्या कलमाचेही तसेच झाले. संरक्षण घेणाऱ्यांनी संरक्षकाच्या बाजूने उभे राहण्यासाठी या करारांचा वापर झाला आहे. उलट दिशेची परीक्षा अजून झालेलीच नाही.

मधल्या काळात हमीदाराने पाठ फिरवल्याचा अनुभवही ऑस्ट्रेलियाने घेतला. १९६८ च्या जानेवारीत ब्रिटनने सुएझच्या पूर्वेकडून सैन्य काढून घेण्याची घोषणा केली. पुढच्याच वर्षी गुआममध्ये अध्यक्ष निक्सन यांनी आशियातल्या मित्रांनी आपल्या संरक्षणाचा मुख्य भार स्वतः उचलावा असे सांगितले. १९७६ च्या ऑस्ट्रेलियन श्वेतपत्रिकेत स्वावलंबनाचे तत्त्व आले ते या पार्श्वभूमीवर. तेव्हा जवळपास कोणी मोठा वैरी नव्हता, त्यामुळे ते तत्त्व परवडत होते.

चीनच्या उदयाने ही सवलत संपवली. २०२० मध्ये कोविडच्या उगमाची स्वतंत्र चौकशी व्हावी अशी मागणी ऑस्ट्रेलियाने केल्यावर चीनने जव, वाइन, कोळसा अशा मालावर जबर कर आणि निर्बंध लादले. जवावरचा कर ८० टक्क्यांच्या वर होता. २०२२ च्या एप्रिलमध्ये सॉलोमन बेटांनी चीनशी सुरक्षा करार केला. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत चिनी नौदलाच्या तीन नौका ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यामधल्या टास्मान समुद्रात आल्या. २१ फेब्रुवारीला त्यांनी गोळीबाराच्या सरावाचा इशारा दिला, तो त्या समुद्रावरून उडणाऱ्या एका प्रवासी विमानाच्या वैमानिकाने रेडिओवर ऐकला आणि त्याने हवाई वाहतूक नियंत्रकांना कळवला. अनेक विमानांना मार्ग बदलावे लागले. सराव आंतरराष्ट्रीय पाण्यात होता, कायद्याचा भंग झाला नव्हता. पण ज्या समुद्राला ऑस्ट्रेलियन माणूस आपले मागचे अंगण समजत आला, तिथली बातमी सरकारी यंत्रणेला आधी एका प्रवासी विमानाकडून मिळावी, याचा तिथे फार मोठा परिणाम झाला.

आता पाणबुड्यांकडे येऊ. सप्टेंबर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि अमेरिका यांनी ‘ऑकस’ करार जाहीर केला आणि ऑस्ट्रेलियाने फ्रान्सकडून १२ पारंपरिक पाणबुड्या घेण्याचा जुना सौदा मोडला. संतापलेल्या फ्रान्सने वॉशिंग्टन आणि कॅनबेरा येथून आपले राजदूत परत बोलावले. एका मित्राला घट्ट धरताना दुसरा दुखावला गेला. मार्च २०२३ मध्ये ठरलेल्या योजनेनुसार ऑस्ट्रेलिया २०३० च्या दशकात अमेरिकेच्या किमान तीन व्हर्जिनिया वर्गाच्या पाणबुड्या विकत घेईल, त्यानंतर ब्रिटिश आराखड्यावरच्या नव्या पाणबुड्या येतील, आणि एकूण खर्च ३६८ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत जाऊ शकतो. अणुऊर्जा का, याचे उत्तर अंतरात आहे. डिझेलवर चालणारी पाणबुडी पश्चिम ऑस्ट्रेलियातून निघून दक्षिण चिनी समुद्रात पोहोचेपर्यंत तिच्या इंधनाचा आणि वेळेचा मोठा भाग प्रवासातच जातो. अणुपाणबुडीला तिथे आठवडेच्या आठवडे थांबता येते.

माझ्या मते निर्णयाची दिशा समर्थनीय आहे, पण त्याचा कच्चा दुवा वेळापत्रकात आहे. अमेरिकेच्या गोद्या अलीकडे वर्षाला सरासरी १.२ व्हर्जिनिया पाणबुड्या बांधत आल्या आहेत. स्वतःची गरज भागवून ऑस्ट्रेलियाला द्यायच्या तर हा वेग सुमारे २.३३ हवा. शिवाय अमेरिकी कायद्याप्रमाणे पाणबुडी सोपवण्यापूर्वी, त्यामुळे आपल्या पाण्याखालच्या सामर्थ्याला बाधा येणार नाही, असे अध्यक्षांना तिथल्या संसदेला, म्हणजे काँग्रेसला, कळवावे लागेल. चीनशी तणाव वाढला तर ऑस्ट्रेलियाला पाणबुड्यांची निकड वाढेल, आणि नेमक्या त्याच कारणाने अमेरिकेला त्या सोडवणार नाहीत. सिंगापूरच्या मुदतीची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही रचना ओळखीची वाटेल.

प्रश्न : मग न्यूझीलंडचा मार्ग शहाणपणाचा नाही का? युतीच्या भानगडीत न पडता अंतरालाच आपले संरक्षण मानावे.

उत्तर : न्यूझीलंडने तो मार्ग खरोखर चालून पाहिला. १९८५ मध्ये डेव्हिड लाँगी यांच्या सरकारने ‘बुकॅनन’ या अमेरिकी विनाशिकेला बंदरात येऊ दिले नाही, कारण तिच्यावर अण्वस्त्रे आहेत की नाहीत हे अमेरिका सांगत नव्हती. पुढच्या वर्षी अमेरिकेने अँझसखालची न्यूझीलंडविषयीची आपली जबाबदारी स्थगित केली. १९८७ मध्ये न्यूझीलंडने अण्वस्त्रमुक्तीचा कायदा केला, आणि २००१ मध्ये लढाऊ विमानांचे दल मोडीत काढण्याचा निर्णय घेतला. त्या भूमिकेतल्या नैतिक धैर्याबद्दल मला आदर आहे. मात्र हे सारे करताना शेजारचा ऑस्ट्रेलिया सशस्त्र आणि अमेरिकेशी बांधलेला होता, हे विसरता येत नाही. टास्मान समुद्रातल्या त्या चिनी नौकांचा पाठलाग करणाऱ्यांत न्यूझीलंडची युद्धनौकाही होती, आणि एप्रिल २०२५ मध्ये वेलिंग्टनने संरक्षण खर्च आठ वर्षांत राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांवर नेण्याची योजना जाहीर केली. अण्वस्त्रमुक्तीचा कायदा मात्र कायम आहे.

प्रश्न : युक्रेनच्या युद्धाशी जपान आणि दक्षिण कोरिया यांचा काय संबंध? आणि युरोपीय युद्धनौका आशियात फेऱ्या मारतात त्याचा उपयोग काय?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते थोडक्यात देता येते : लष्करी उपयोग फार नाही. जर्मनीने ‘बायर्न’ ही फ्रिगेट २०२१ मध्ये आशियाकडे पाठवली, चीनने तिला शांघायला भेट देण्याची परवानगी नाकारली, आणि ती काही महिन्यांनी घरी परतली. अशा फेऱ्यांमधून राजकीय संदेश जातो. संकट आले तर त्या एका नौकेने पारडे फिरणार नाही. युरोपने आपल्या दारातल्या रशियाला स्वतःच्या बळावर आवरले आणि अमेरिकेची साधने मोकळी केली, तर आशियातल्या मित्रांना त्याचा कितीतरी अधिक लाभ होईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिला प्रश्न अधिक खोल आहे. जून २०२२ मध्ये जपानचे पंतप्रधान फुमिओ किशिदा यांनी, आज जे युक्रेनचे झाले ते उद्या पूर्व आशियाचे होऊ शकते, असा इशारा सिंगापुरात दिला. त्याच महिन्यात जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांचे नेते प्रथमच नाटोच्या शिखर परिषदेला उपस्थित राहिले. वर्षअखेरीस जपानने आपले राष्ट्रीय सुरक्षा धोरण बदलले : पाच वर्षांत ४३ लाख कोटी येन, २०२७ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्के खर्च, आणि शत्रूच्या भूमीवरचे क्षेपणास्त्रतळ टिपण्याची क्षमता. अनेक दशके एक टक्क्याच्या आसपास रेंगाळलेल्या देशासाठी ही उडी प्रचंड आहे, आणि तिला चालना देणारे युद्ध टोकिओपासून हजारो मैलांवर चालू होते.

दक्षिण कोरियाच्या बाबतीत हा संबंध आणखी ठोस झाला. रशियाच्या भीतीने पोलंडला तातडीने रणगाडे हवे होते; अमेरिकी आणि जर्मन कारखान्यांकडे त्वरित देण्याची क्षमता नव्हती. कोरियाचे कारखाने मात्र उत्तर कोरियाच्या धोक्यामुळे कधी थंडावलेच नव्हते. जुलै २०२२ मध्ये पोलंडने के-२ रणगाडे, के-९ तोफा आणि एफए-५० विमाने यांचा करार केला, आणि त्याच डिसेंबरमध्ये पहिले रणगाडे आणि तोफा ग्दिनियाच्या बंदरात उतरल्याही. दुसऱ्या बाजूनेही अशीच जोडणी झाली. जून २०२४ मध्ये रशिया आणि उत्तर कोरिया यांनी एकमेकांवर हल्ला झाल्यास मदतीला धावून जाण्याचा करार केला, आणि काही महिन्यांत उत्तर कोरियाचे हजारो सैनिक रशियाच्या कुर्स्क प्रांतात लढू लागले. हे सैनिक आधुनिक युद्धाचा आणि ड्रोनच्या माऱ्याचा अनुभव घेऊन परत जातील तेव्हा त्याची झळ सोलला लागेल. म्हणून युक्रेनला थेट शस्त्रे न देण्याची आपली भूमिका दक्षिण कोरियाने सोडली नसली, तरी ती टिकवणे आता त्याला सोपे राहिलेले नाही.

प्रश्न : २०२५ मध्ये सौदी अरेबिया आणि पाकिस्तान यांनी परस्पर संरक्षण करार केला. सौदीच्या पाठीशी अमेरिका असताना पाकिस्तानची गरज का पडावी?

उत्तर : याचे बीज १४ सप्टेंबर २०१९ च्या पहाटेत आहे. त्या दिवशी अबकैक येथील सौदी तेलप्रकल्पावर ड्रोन आणि क्षेपणास्त्रांनी हल्ला झाला आणि सौदीचे सुमारे निम्मे तेल उत्पादन काही काळ ठप्प झाले. अमेरिकेने इराणला दोषी ठरवले, काही तुकड्या आणि क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा पाठवल्या, पण प्रतिहल्ला केला नाही. अमेरिका आणि सौदी यांच्यात नाटोसारखा करार कधीच नव्हता. तेलाच्या बदल्यात संरक्षण ही समजूत १९४५ पासून चालत आली होती, आणि अबकैकमध्ये तिची मर्यादा दिसली. त्यानंतर रियाधने इराणशी बोलणी सुरू केली, आणि मार्च २०२३ मध्ये बीजिंगच्या मध्यस्थीने दोघांनी राजनैतिक संबंध पुन्हा जोडले.

९ सप्टेंबर २०२५ ला इस्राएलने कतारची राजधानी दोहा येथे हवाई हल्ला केला. त्याच कतारमध्ये अल उदैद हा पश्चिम आशियातला अमेरिकेचा सर्वांत मोठा तळ आहे. एका मित्राने दुसऱ्या मित्राच्या राजधानीवर हल्ला केला तर हमीदार काय करतो, हा प्रश्न सगळ्या आखातात विचारला गेला, आणि आठवडाभरानंतर, १७ सप्टेंबरला, सौदी-पाकिस्तान करारावर सह्या झाल्या. त्याची बोलणी आधीपासून चालू असणार, परंतु वेळ बोलकी होती.

या कराराने पाकिस्तानी सैन्य सौदीसाठी इराणशी किंवा इस्राएलशी लढेल असे मात्र मी म्हणणार नाही. २०१५ मध्ये येमेनच्या युद्धात सहभागी होण्याची सौदीची विनंती पाकिस्तानच्या संसदेने तटस्थतेचा ठराव करून बाजूला ठेवली होती. इराणला लागून लांब सीमा आणि देशात मोठा शिया समाज असलेल्या राष्ट्राला ओढले जाण्याची भीती किती असते हे त्या ठरावात दिसले. ती परिस्थिती आजही तशीच आहे. आणि तितकेच खरे की भारताशी संघर्ष झाल्यास सौदी सैन्य पाकिस्तानच्या बाजूने उतरण्याची शक्यताही फार कमी आहे. रियाधच्या दृष्टीने या करारात मोल आहे ते एका अण्वस्त्रधारी देशाचे नाव आपल्या नावाशेजारी लिहिले जाण्यात, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याच्या मनात उभ्या राहणाऱ्या शंकेत.

प्रश्न : अशा युत्या खरोखर किती पक्क्या आहेत हे सामान्य वाचकाने बातम्यांतून कसे ओळखावे?

उत्तर : शिखर परिषदांची संयुक्त निवेदने वाचण्यात फार वेळ घालवू नये. दारूगोळा आधीच कुठे साठवला जात आहे, परदेशी सैन्याला ये-जा करण्याची मुभा देणारे करार कोण करत आहे, आणि जहाजांची दुरुस्ती कुठे होत आहे, या तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. फिलिपाइन्सने २०२३ मध्ये अमेरिकेला आणखी चार लष्करी ठिकाणे वापरू दिली, त्यांतली तीन लुझॉन या मुख्य बेटाच्या उत्तर भागात, तैवानच्या बाजूला आहेत. जपानने ऑस्ट्रेलियाशी २०२२ मध्ये आणि फिलिपाइन्सशी २०२४ मध्ये सैन्याच्या परस्पर प्रवेशाचे करार केले. अमेरिकेचे मित्र एकमेकांशी थेट बांधले जात आहेत याचा हा पुरावा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाने आपल्या नव्या फ्रिगेटसाठी जपानचा मोगामी आराखडा निवडला. आणि २०२४ मध्ये ‘वॉली शिरा’ हे अमेरिकी नौदलाचे मालवाहू जहाज मोठ्या दुरुस्तीसाठी दक्षिण कोरियाच्या गोदीत गेले. भारतात तमिळनाडूच्या कट्टुपल्ली गोदीत असेच एक अमेरिकी जहाज २०२२ मध्ये दुरुस्त झाले होते. रसद वाहणारे जहाज दुरुस्तीसाठी पॅसिफिक ओलांडून मायदेशी न जाता जवळच्या मित्राच्या गोदीत थांबले, तर त्याचे जाण्यायेण्याचे कित्येक आठवडे वाचतात, आणि तेवढे आठवडे ते पश्चिम पॅसिफिकमध्ये कामावर राहते.